फायटर माशाला सोबती: फोंड्यातील एका मत्स्यालय-दुकानाच्या सेवेविषयी

फायटर मासा एकटाच ठेवायचा असतो, हे आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर पडलेले असते, तरीही मत्स्यालयाच्या दुकानात गेलेले गिऱ्हाईक "याच्याबरोबर आणखी कोणते मासे चालतील?" असे विचारल्याशिवाय सहसा बाहेर पडत नाही. गोव्यातील फोंडा शहरातल्या एका दुकानाने या प्रश्नावरच आपली एक सेवा उभी केली आहे. दोन फूट लांबीची काचेची टाकी, तिच्यातील वाळू, झाडे आणि फिल्टर, एक नर फायटर व त्याच्याशी जुळतील असे सोबती हे सारे घरी आणून बसवून देणे, पहिले दोन महिने देखरेख ठेवणे आणि माशांचे एकमेकांशी न जमल्यास फायटर किंवा सोबती परत घेणे, असे तिचे स्वरूप आहे. आमच्या घरी ही टाकी बसवून वर्ष उलटले असून तिने उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तिन्ही ऋतू पाहिले आहेत, म्हणून आता तिच्याविषयी लिहायला हरकत नाही. दुकानाचे नाव देत नाही. ज्या गोष्टी खटकल्या त्या मालकांना समोरासमोर सांगून झाल्या आहेत आणि येथे मला त्यांच्या पद्धतीविषयी लिहायचे आहे.

माझे मत आधीच नोंदवते: सेवा घेण्यासारखी आहे, आणि ज्या कारणासाठी ती घ्यावी ते बिलावर कोठेही छापलेले नसते. हे दुकान पुष्कळदा विकायला नकार देते.

पहिल्या भेटीत मालकांनी मासे दाखवलेच नाहीत. घरी पाणी नळाचे की बांयचे (विहिरीचे), टाकीची जागा उन्हात येते का, आमच्या भागात वीज किती वेळ जाते, घरात आधीपासून एखादा फायटर आहे का आणि असल्यास तो त्याच टाकीत किती काळ एकटा राहिला आहे, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. शेवटच्या प्रश्नाचे कारण त्यांनी समजावून सांगितले ते पटण्यासारखे होते. एखाद्या टाकीत बराच काळ एकटा राहिलेला फायटर ती सगळी टाकी आपली समजतो, आणि मग तिच्यात सोडलेला प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर ठरतो. अशा गिऱ्हाइकाला ते ही सेवा देण्यास सहसा राजी नसतात; दिलीच तर जुनी मांडणी पूर्ण मोडून, झाडे व दगड हलवून, सोबती आधी सोडून आणि फायटरला शेवटी परत आणून देतात. माझ्याबरोबर आलेल्या सासूबाईंनी "बिचाऱ्याला एकट्याला करमत नसेल ना?" असे विचारले, तेव्हा मालक हसून म्हणाले, "काकी, त्याला छान करमते. करमत नाही ते आपल्याला." विक्री वाढवणारे हे उत्तर नव्हे, पण ते खरे आहे. फायटरला कळप लागत नाही. सोबतीची हौस माणसाची असते, आणि ती भागवताना माशाचे हाल होऊ नयेत एवढेच दुकानदाराच्या हातात असते.

हा स्वभाव कोठून आला हे कळल्याशिवाय सोबत्यांची निवडही कळत नाही. फायटर, म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडचा आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाचा. उथळ, झाडोऱ्याने भरलेल्या पाणथळ जागा आणि भातखाचरे हे त्याचे घर. थायलंडने २०१९ साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. कल्ल्यांच्या जोडीला त्याच्या डोक्यात लॅबिरिन्थ नावाचा अवयव असतो आणि त्याच्या आधारे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला प्राणवायू घेतो. या देणगीनेच त्याचे नुकसान केले आहे. कपभर पाण्यात तो लगेच मरत नाही, म्हणून त्याला कपभर पाणी पुरते असा समज रूढ झाला. आपल्या खाजन जमिनी (खाडीकाठची बांध घातलेली शेते) किंवा वायंगणाची (उन्हाळी भाताची) शेते पाहिलेल्यांना हे सांगायला नको की खाचरातले पाणी गुडघाभर असले तरी त्याचा पसारा केवढा असतो. तेथे प्रत्येक नर आपापला तुकडा राखून असतो, आणि हरलेल्या नराला पळून जायला जागा असते. काचेच्या टाकीत ती पळवाट नाही. शिवाय आपण विकत घेतो तो मासा रानातला नसतो. जुन्या सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, झुंजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या माशांचा तो वंशज असतो, आणि मूळच्या रानटी भाऊबंदांपेक्षा तो अधिक भांडखोर असतो.

दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. माद्यांचा गट मात्र चालतो असे पुष्कळजण सांगतात, आणि माझ्यादेखत एका तरुणाने पाच रंगीत माद्या एकदम मागितल्या होत्या. मालकांनी एकच दिली. माद्यांतही वरचढपणाची उतरंड ठरते, ती ठरताना पर फाटतात, आणि महिनोन्‌महिने शांत वाटणारा गट एखाद्या रात्रीत बिघडतो, असे त्यांचे म्हणणे होते. फायटर पाळणाऱ्यांच्या अनुभवाशी ते जुळते.

आता सोबत्यांकडे वळते. आमच्या मुलांना गप्पी हवे होते. गोव्यात आणि महाराष्ट्रात डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून गप्पी सर्वांच्या ओळखीचा आहे, स्वस्त आहे, रंगीत आहे. पण दुकानाने तो ठामपणे नाकारला. नर गप्पीची रुंद, झुलती, भडक शेपटी फायटरला दुसऱ्या फायटरसारखी भासते आणि तो तिच्यावर धावून जातो. दुसरे कारण पाण्याचे: गप्पीला जड (क्षार जास्त असलेले) आणि किंचित अल्कधर्मी पाणी मानवते, तर फायटरला मऊ (क्षार कमी असलेले) व किंचित आम्लधर्मी पाणीही चांगले चालते. म्हणजे एकाला सुखी करावे तर दुसऱ्याची गैरसोय होते. टायगर बार्बचे कारण याच्या उलट आहे. तो फायटरचा मार खात नाही, तोच फायटरचे लांब पर कुरतडतो. सर्पे टेट्राचीही तीच खोड आहे. गुरामी हा फायटरच्याच नात्यातला आणि त्याच्यासारखाच वरच्या थरात वावरणारा मासा असल्याने तोही बाद. एंजल आणि इतर सिक्लिड बाद. गोल्डफिश तर थंड पाण्याचा आणि भरपूर घाण करणारा, तेव्हा त्याचा विचारही नको.

निऑन टेट्रा आणि तळाशी वावरणारा कोरिडोरस (थोडक्यात कोरी) या दोन नावांवर मात्र आमची बरीच चर्चा झाली, कारण परदेशी चित्रफितींत फायटरबरोबर हेच दोन मासे सर्रास दिसतात. येथे दुकानदाराचे गोव्यातले अनुभवाचे शहाणपण उपयोगी पडले. निऑन ऍमेझॉनच्या खोऱ्यातला मासा असून त्याला साधारण २० ते २६ अंश सेल्सियस तापमान सोसते. फायटरला २४ ते २८ अंश लागते. कागदावर ही दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात, पण एप्रिल-मे महिन्यांत फोंड्यातल्या कौलारू घरातील टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर सहज जाते, आणि मग फायटर तग धरतो तर निऑन एकेक करून गळतात. कोरिडोरसमध्ये पेपर्ड कोरी हा थंड पाणी पसंत करणारा, तर स्टर्बाय कोरी उष्णता बऱ्यापैकी सोसणारा. आमच्याकडे फक्त पहिला उपलब्ध होता, म्हणून तो दिला नाही. कोरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला येथेच कळली. तोही मधूनमधून झटक्यात पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, आणि तापट फायटरच्या नाकासमोरून वर-खाली करणारा हा प्रवास प्रत्येक वेळी बिनबोभाट पार पडतोच असे नाही.

यावर थोडे विषयांतर. दुकानात असताना कोणीतरी शेतातल्या ओहोळातले मासे आणून फायटरबरोबर सोडू का, असे विचारले. पश्चिम घाटाच्या ओढ्यांत सापडणारा पट्टेरी पॅनचॅक्स, म्हणजे ऍप्लोकायलस लिनिएटस, फार देखणा असतो, पण तो पूर्णपणे पृष्ठभागावरचा शिकारी आहे, सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि उडी मारण्यात पटाईत असतो. फायटरच्या नेमक्या जागेवर हक्क सांगणारा असा सोबती उपयोगाचा नाही. त्याचाच लहान भाऊ ऍप्लोकायलस ब्लॉकी याचा १९९० च्या दशकात गोव्यात मलेरियाच्या डासांच्या अळ्या रोखण्यासाठी प्रयोग झाला होता. विहिरीत आणि टाक्यांत त्याची किंमत मोठी आहे, बैठकीच्या खोलीत नव्हे.

शेवटी आमच्या टाकीत आठ हार्लेक्विन रासबोरा आणि सहा कुली लोच आले. हार्लेक्विन मलाया, सुमात्रा आणि दक्षिण थायलंडच्या भागातला, चार-पाच सेंटिमीटरचा, तांबूस अंगावर काळा त्रिकोण असलेला मासा आहे. तो मधल्या थरात थव्याने फिरतो, त्याचे पर आखूड असतात, चपळाई भरपूर असते आणि मऊ आम्लधर्मी पाणी त्यालाही आवडते. त्याला सहापेक्षा कमी संख्येने ठेवले तर तो बिथरतो, आणि बिथरलेला थवा फायटरलाही अस्वस्थ करतो, म्हणून "चारच द्या" ही माझी विनंती मान्य झाली नाही. कुली लोच हा तळाशी वाळूत आणि मुळांत दडून राहणारा, पट्टेरी, सापासारखा मासा. पाहुणे त्याला वामीचे पिल्लू समजतात. तो निशाचर असल्याने फायटरशी त्याची गाठ क्वचितच पडते. मात्र त्याला टोकदार खडी नको, मऊ वाळूच हवी, आणि दुकानाने ती स्वतःहून घातली होती.

यानंतर पाण्याची बाजू, जी या सेवेतील सर्वांत चांगली आणि सर्वांत कच्ची, दोन्ही आहे. आमच्याकडे ओपाच्या जलप्रकल्पाचे नळाचे पाणी येते आणि अंगणात चिऱ्याच्या खडकात खणलेली विहीर आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की त्याचा वास वाढल्याचे जाणवते. तो काढण्यासाठी दुकानाने क्लोरीन मारणारे द्रव्य दिले, त्याचे प्रमाण टाकीच्या मापाप्रमाणे बाटलीवर पट्टी चिकटवून लिहून दिले, आणि पाण्याचा बदल दर आठवड्याला एक चतुर्थांशापेक्षा अधिक नको असे बजावले. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नाही, म्हणून ते वापरण्याचा मोह गोव्यात अनेकांना होतो. जांभ्या खडकातले पाणी बहुधा मऊ आणि आम्लधर्मी असते. फायटर, हार्लेक्विन आणि कुली या तिघांनाही ते तत्त्वतः मानवते. अडचण अशी की अशा पाण्यात आम्लता थोपवून धरणारे क्षार फार कमी असतात, त्यामुळे टाकी जुनी होत गेली की तिचा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) हळूहळू घसरतो, आणि तो ६ च्या खाली गेला की माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. मालकांनी नळाचे व विहिरीचे पाणी अर्धे-अर्धे मिसळण्यास सांगितले आणि दोन्हींची तपासणी आमच्यासमोर द्रावणाचे थेंब टाकून करून दाखवली. इतके नीट काम मी यापूर्वी गोव्यातल्या कोणत्याही मत्स्यालय-दुकानात पाहिलेले नाही.

आणि नेमके येथेच त्यांच्या सेवेतील एक तयार साचा आडवा आला. या संचात तीन नेराइट गोगलगायी ठरलेल्या असतात, आणि टाकी बसवायला आलेल्या मुलाने पाण्याचा कागद न पाहता त्या सोडल्या. नेराइट ही गोगलगाय फायटरच्या टाकीसाठी एरवी उत्तम: काचेवरचे शेवाळ खाते, गोड्या पाण्यात तिची पिल्ले वाढत नाहीत म्हणून संख्या फुगत नाही, आणि तिच्या टणक कवचापुढे फायटर हात टेकतो. पण मऊ, आम्लधर्मी पाण्यात कॅल्शियमचे कवच झिजते. काही महिन्यांत तिन्ही गोगलगायींच्या शंखाच्या टोकावर पांढरे खड्डे दिसू लागले. तक्रार केल्यावर दुकानाने ठेचलेल्या प्रवाळाची पिशवी पुढे केली, ती मी घेतली नाही. आपल्या किनाऱ्यांवरचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्या पिशवीत काय आहे हे तिच्यावर लिहिलेले नव्हते. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या तिसऱ्यांच्या शिंपा उकळून, घासून, वाळवून, ठेचून जाळीच्या पुरचुंडीत फिल्टरजवळ ठेवल्या. तोही कॅल्शियम कार्बोनेटच, हळूहळू विरघळणारा, आणि गोव्यात फुकट मिळणारा. आम्लता आता स्थिर आहे, गोगलगायींची नवी वाढ गुळगुळीत येते. जुने खड्डे अर्थातच भरून येत नाहीत. ही युक्ती मालकांनी पुढे इतर गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली आहे असे कळले. ते स्तुत्य आहे, पण अधिक स्तुत्य हे झाले असते की पाणी तपासणाऱ्याने आणि गोगलगाय सोडणाऱ्याने एकमेकांशी बोलावे.

देशी बदामाच्या पानांचेही असेच. वाळलेले पान पाण्यात टाकले की टॅनिन सुटते, पाणी चहाच्या रंगाचे होते, आम्लता किंचित वाढते आणि फायटरला ते घरच्यासारखे वाटते. दुकानात पाच पानांच्या पाकिटाला ८० रुपये पडतात. ज्या गावात रस्त्याकडेला बदामाच्या झाडाखाली पानांचा खच असतो त्या गावात ही किंमत सांगताना मालकही ओशाळतात. फवारणी न झालेल्या झाडाची, आपोआप गळून तपकिरी झालेली पाने धुऊन वापरावीत. आमच्यासारख्या आधीच आम्लधर्मी पाण्यात एकावेळी एकच पुरे.

टाकी बसवल्यावर लगेच मासे मिळत नाहीत, हे सेवा घेणाऱ्याने आधीच मनाशी ठरवावे. दुकान आपल्या चालू टाकीतला, जिवाणूंनी भरलेला स्पंज फिल्टर आणून लावते, त्यामुळे एरवी चार ते सहा आठवडे लागणारी तयारी लवकर होते. तरीही अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याचे दोनदा तपासल्याशिवाय ते मासे देत नाहीत. मग प्रथम हार्लेक्विन आणि कुली, आणि ते टाकीत रुळल्यावर सर्वांत शेवटी फायटर, हा क्रम ते कधीही बदलत नाहीत. झाडांची मांडणीही या दृष्टीनेच केलेली असते: मागे उंच व्हॅलिस्नेरिया, मध्ये ओंडक्याला बांधलेली जावा फर्न आणि ऍन्युबियास, वर एका कोपऱ्यात तरंगणारी झाडे, जेणेकरून टाकीच्या एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकावरून सरळ दिसू नये. पाठलाग होतो तो दृष्टीस पडणाऱ्याचा. नजरेआड झालेल्या माशाचा पिच्छा फायटर बहुधा सोडून देतो.

एवढी काळजी घेऊनही पहिला फायटर जमला नाही. लाल हाफमून होता, दिसायला अप्रतिम. सुरुवातीला कल्ले फुगवून तो सर्वांवर धावला, आणि हे अपेक्षितच होते. पण आठवडा उलटूनही त्याने खाणे सोडून थव्यामागे धावणे चालूच ठेवले, हार्लेक्विन फिल्टरच्या मागे एका कोपऱ्यात कोंडून राहू लागले आणि त्यांचा रंग फिका पडला. दुकानाने एका फोनवर तो परत नेला. हमीच्या अटी घासाघीस न करता पाळल्या, हे मुद्दाम नोंदवते, कारण जिवंत माशाच्या व्यवहारात "विकला तो विकला" हाच सार्वत्रिक नियम आहे. बदल्यात निळा प्लाकाट आला. प्लाकाट हा आखूड परांचा प्रकार. त्याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येते: त्याचे पर कोणी कुरतडत नाही, तो दमत नाही, पण त्याच कारणाने तो वेगाने पाठलागही करू शकतो. लांब परांचा हाफमून पाठलागात मागे पडतो, मात्र स्वतःच्याच परांच्या ओझ्याने थकतो. आमचा प्लाकाट शांत निघाला. यात जातीपेक्षा त्या एका माशाच्या स्वभावाचा भाग अधिक असावा, आणि म्हणूनच परत घेण्याची हमी ही या सेवेतील खरी मोलाची वस्तू आहे.

खाद्याविषयी दुकानाच्या सूचना जुजबी आहेत. फायटर मांसाहारी असून अधाशी आहे. तरंगणारे दाणे तो स्वतःचे आणि सोबत्यांचेही फस्त करतो आणि पोट फुगवून बसतो. आम्ही एका टोकाला त्याचे तीन-चार दाणे टाकून तो गुंतला की दुसऱ्या टोकाला हार्लेक्विनसाठी बारीक खाद्य टाकतो, आणि कुलींच्या बुडणाऱ्या गोळ्या दिवा मालवल्यानंतर. एवढे दुकानाच्या कागदावर छापले असते तर बरे झाले असते.

उन्हाळ्यातील उष्णतेवर दुकान टाकीवर लावायचा छोटा पंखा विकते. पंखा बाष्पीभवनाने पाणी थंड करतो, आणि मे महिन्यातील गोव्याच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंद असते. आमच्याकडे त्याने जेमतेम एका अंशाचा फरक पडला. शिवाय त्यासाठी झाकण काढावे लागते आणि फायटर उडी मारतो. पंख्यापेक्षा टाकी पूर्वेच्या भिंतीवरून हलवणे अधिक उपयोगी ठरले. त्याउलट बॅटरीवर चालणारा हवेचा पंप अवश्य घ्यावा. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा फायटर हवा गिळून तरून जातो, पण हार्लेक्विनला तशी सोय नाही, आणि स्पंजमधील जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. झाकणाचे मात्र दुकान वेगळे पैसे घेते, जे अजिबात पटत नाही. फायटरच्या टाकीला झाकण ही चैनीची वस्तू नाही; पृष्ठभाग आणि झाकण यांच्यामध्ये दोन-तीन इंच उबदार हवेची जागा राखणारी जाळी संचातच असायला हवी.

दुकानातील दोन दृश्ये या सगळ्या चांगुलपणाशी विसंगत आहेत. विक्रीचे नर फायटर शेजारीशेजारी पारदर्शक कपांत ठेवलेले असतात आणि मध्ये साधा पुठ्ठाही नसतो, त्यामुळे ते दिवसभर एकमेकांना पाहून कल्ले फुगवत राहतात. असा ताणलेला मासा घरी नेऊन त्याच्याकडून शेजारधर्माची अपेक्षा करायची. दुसरे, गल्ल्याजवळच "टाकी साफ करणारा" म्हणून सकर मासा विकला जातो. फायटरच्या संचात मालक तो देत नाहीत, पण बाकी गिऱ्हाइकांना देतात. बोटाएवढा सकर पुढे फूटभराहून मोठा होतो, टाकीत मावेनासा होतो, आणि मग कोणीतरी त्याला तळीत किंवा नदीत सोडून देतो. जो दुकानदार पाच माद्या विकायला नकार देऊ शकतो त्याला हेही जमायला हवे.

संपूर्ण संचाचे, मेज सोडून, ८,५०० रुपये झाले. झाकण, पंप आणि बदामाची पाने वेगळी. सुटे सामान घेऊन स्वतः बसवले तर अडीच-तीन हजार वाचतील. ज्यांना पाणी तपासता येते आणि आधीच चालू असलेल्या टाकीतला स्पंज मिळतो त्यांनी तसेच करावे. पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्यांना दोन महिन्यांची देखरेख आणि परतीची हमी यांसाठी ते जास्तीचे पैसे देणे परवडते.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहारी सूचना. दुकानात नवे मासे बाहेरगावाहून रात्रीच्या बसने पिशव्यांतून येतात आणि वेगळ्या टाकीत ठेवून निरीक्षण करण्याची पद्धत तेथे नाही. म्हणून माल उतरल्याच्या दिवशी न जाता पाच-सहा दिवसांनी जावे, तोवर हार्लेक्विनच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल तर तो दिसू लागतो. आणि फायटर निवडताना त्याचा कप हार्लेक्विनच्या टाकीच्या काचेला लावून धरायला सांगावे. मालक त्याला ना म्हणत नाहीत. प्रत्येक नर आधी फुगतोच. पाच-दहा मिनिटांत जो कल्ले मिटून कपातल्या कपात फिरू लागतो तो घ्यावा, मग त्याचा रंग दुसऱ्या पसंतीचा का असेना.